उत्तम घाडीची पकड

उत्तम घाडीशी हात मिळवताना आधी अंगठी काढून ठेवावी, असं मस्कतच्या रुवी भागातले त्याचे मित्र सांगतात. माणूस लाखात एक, पण हातात आलेली गोष्ट सोडणं म्हणजे त्याच्या जिवावर येतं. एसी दुरुस्तीचं काम करतो. शिडीवर उभा राहून एका हातानं अख्खं धूड तोलून धरतो आणि दुसऱ्या हातानं स्क्रू पिळतो, शिवाय खाली उभ्या माणसाशी गप्पाही मारतो.

देवगडकडच्या गावात तो कबड्डी खेळायचा. जागा डाव्या कोपऱ्यातली. चढाईला आलेल्याचा घोटा एकदा त्याच्या पंजात सापडला की संपलं. जिल्ह्याच्या संघात नाव आलं आणि नेमका त्याच आठवड्यात मस्कतचा व्हिसाही आला. तुला काय हवंय, असं घरात कुणी विचारलंच नाही. पोरानं मुकाट्यानं बॅग भरली. त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण ते त्याला अजून लागतं. का लागू नये?

मग गेल्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या कबड्डी सामन्यात त्यानं दोन तरण्या पोरांना एकदम लोळवलं, आणि पाहुणे म्हणून आलेले कौशिक सर रेशमी झब्ब्यानिशी मैदानात धावत आले. कौशिक सर मूळचे पुण्याचे, मस्कतातच कुरुमला राहणारे इंजिनियर. अमेरिकेत शिकताना तिकडच्या फुटबॉलचं वेड घेऊन आलेले. पायानं खेळतात तो फुटबॉल नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता चेंडू काखोटीला मारून पळायचं आणि समोरच्यांनी तुम्हाला आडवं करायचं, तो. इथं ओमानमध्ये त्याची चार गावांची लीग निघाली होती आणि खेळाडूंना मानधन मिळू लागल्याचा हा दुसराच हंगाम होता. धंदेवाईक म्हणायचं एवढंच, बाकी सगळा आनंदच! शिरस्त्राणं कमी पडायची, मैदानावर फक्की मारायला माणूस मिळायचा नाही. दिवसभर वेल्डिंग, नर्सिंग आणि टॅक्सी करून आलेले गडी संध्याकाळी खांद्यावर गाद्या बांधून उभे राहायचे.

"उत्तमदादा, तुम्ही माझ्या टीममध्ये हवेत," कौशिक सर म्हणाले.

एकोणचाळिसाव्या वर्षी कुणीतरी विचारलं होतं. उत्तमनं तिथल्या तिथं हो म्हटलं.

पहिल्याच सामन्यात त्यानं माती खाल्ली. या खेळात ज्याच्याकडे चेंडू असेल त्यालाच धरायचं. बाकीच्यांना खुशाल ढकला, पण कवळ घातलीत की पंच पिवळा रुमाल फेकतो आणि दंड म्हणून समोरच्यांना फुकटची जागा मिळते. कबड्डीत असली भानगड नसते. आपल्या हद्दीत शिरला तो आपला! तेव्हा उत्तमनं समोरून आलेला पहिला दांडगा गडी असा काही आवळला की तो बिचारा ओरडायलाच लागला. चेंडूवाला शेजारून आरामात निघून गेला. रुमाल पडला. पुन्हा तेच, पुन्हा रुमाल. हंगामभर असंच चाललं. जिथं पकड बरोबर माणसाला बसायची तिथं मैदान दणाणून उठायचं, आणि जिथं चुकायची तिथं कौशिक सर डोक्याला हात लावून खाली बसायचे.

तरीही रुवीचा संघ अंतिम सामन्यात पोचला. गाठ सहम गावाच्या संघाशी होती. आदल्या आठवड्यात सरांनी उत्तमला बाजूला घेतलं.

"दादा, फायनलला तुम्हाला खेळवतोय. पण होल्डिंगचा एक जरी रुमाल पडला ना, तर पुढच्या सीझनला मी तुम्हाला नाही ठेवू शकत. स्पॉन्सर माझं डोकं खातात."

एकदा व्हिसानं त्याचा खेळ सोडवला होता. आता त्याचे स्वतःचेच हात सोडवायला निघाले होते. तो रात्री जेवला नाही, तेव्हा जयवंतीनं, त्याच्या बायकोनं, सगळं काढून घेतलं. जयवंती रुवीतच एका दुकानात ब्लाउज शिवते. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताच ती नारळ घेऊन गच्चीवर गेली आणि वाळत घातलेल्या चादरींमधून पळायला लागली. कधी नारळ ओढणीखाली लपवायची, कधी नुसतेच हात पोटाशी धरून नारळ असल्याचं सोंग करायची. पहिल्या दिवशी उत्तमनं दरवेळी तिचं मनगटच धरलं.

"अवो, नारळ खंय आसा तां बघा आधी! माका कित्याक धरतास?"

"हात आपसूकच जातत गो!"

"जाऊचे नायत. आधी डोळे, हात मागसून."

आठवडाभर बिल्डिंगचा वॉचमन खुर्ची टाकून हा खेळ बघत बसला. नवराबायकोचं चाललंय तरी काय, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

आणि शुक्रवारी सामना असा रंगला म्हणता! रुवीनं पुढे जावं, सहमनं गाठावं. माणसं कुंपणावर चढली होती, ढोल वाजत होते, जयवंतीचा घसा कधीच बसला होता. शेवटी रुवीकडे चार गुणांची आघाडी, सहमचा चेंडू रुवीच्या रेषेपासून जेमतेम दोन पावलांवर आणि त्यांची शेवटची संधी. रेषा ओलांडली तर चषक त्यांचा. डाव्या टोकाला उत्तम गुडघ्यात वाकून उभा.

सहमचा म्होरक्या होता ताबिश. ट्रकच्या गॅरेजमध्ये काम करणारा, सापासारखा चपळ. त्यानं चेंडू घेतला, मागून धावत आलेल्या धिप्पाड गड्याच्या पोटात कोंबला आणि तो गडी मान खाली घालून थेट उत्तमवर आला. उत्तमचे दोन्ही हात पुढे गेले. कौशिक सरांनी डोळे मिटून घेतले.

पण हात मध्येच थांबले! त्या गड्याची कोपरं सैल होती, पोटाशी काहीच नव्हतं, चेंडू दिल्याचं नुसतं सोंग होतं. उत्तमनं त्याला खांद्यानं नुसता बाजूला सारला आणि वळून पाहिलं, तर ताबिश चेंडू मांडीआड दडवून बाहेरच्या बाजूनं रेषेकडे सुसाट निघालेला. विचार करायला वेळच नव्हता. उत्तमनं होता तिथून अंग झोकून दिलं आणि ताबिशचा घोटा त्याच्या पंजात आला.

ताबिश आडवा झाला. चेंडूसकट हात ताणून पडला तो रेषेच्या वीतभर अलीकडे. शिट्टी वाजली. क्षणभर सगळे पंचाच्या खिशाकडे बघत राहिले. पंचानं नुसते दोन्ही हात हलवले.

"रुमाल नाही! दादा, रुमाल नाही पडला!" कौशिक सर ओरडत सुटले. मैदानात माणसांचा लोंढा घुसला. कोण कुणाला मिठी मारतंय ते कळेना. त्या सगळ्या गदारोळात उत्तम मात्र तसाच पालथा पडून होता. त्याचं तोंड गवतात, खांदे गदगदत होते आणि ताबिशचा घोटा अजून त्याच्या मुठीत होता.

"भाई, अब छोड दो," ताबिश हसत म्हणाला. "मॅच खलास."

"रुक ना, भाई," उत्तम म्हणाला. "बीस साल बाद पकडा है."

ताबिशनं पाय तसाच राहू दिला.