एकाच नंबरच्या दोन गाड्या

तिशी ओलांडलेली तीन माणसं दर रविवारी दुपारी रिमोटच्या गाड्या पळवतात, हे दारव्ह्यात कुणाला सांगायची सोय नव्हती. घरी मी “जिनिंगवर काम आहे” म्हणायचो. बायकोला काय काम आहे ते ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं. वडिलांनाही ठाऊक होतं, आणि ते पेपरातून डोकं न काढता विचारायचे, “तुह्या कामाचं चार्जिंग झालं काय?”

त्या दोन-तीन तासांसाठी मी आठवडाभर जगायचो, असं म्हटलं तर त्यात काही वाढवून सांगितलेलं नाही. आमचं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. वडिलांचे गुडघे गेले आणि किल्ल्या माझ्या खिशात आल्या. मला विचारलं कुणीच नाही. एकुलत्या एका मुलाला काय विचारायचं? सकाळी नऊला शटर वर, रात्री आठला खाली. दोन वर्षांत मी यवतमाळच्या पुढे गेलो नव्हतो.

आणि कापसाची ती वर्षं वाईट होती. बोंडं भरायच्या वेळेला पानं लाल पडायची आणि झाड उभ्या उभ्या सुकायचं. लाल्या म्हणायचे त्याला. लोक लाल पानं खिशातून, पिशवीतून, टोपीतून घेऊन यायचे, काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, “भाऊ, खात्रीचं द्या.” पान एकदा लाल पडलं की त्याला पुन्हा हिरवं करणारं काही माझ्या दुकानात नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी फळीवरून एक डबा काढायचो आणि “खात्रीचं आहे” म्हणायचो. नाही म्हटलं असतं तर माणूस समोरच्या दुकानात गेला असता आणि तिथे त्याला खात्री मिळाली असती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शटर खाली ओढलं तरी दुकान पाठ सोडत नसे. न्हाव्याच्या खुर्चीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही कुणी तरी खिशातून पान काढायचं. एकदा तर मयतीत मी खांदा दिलेला असताना मागच्याने हळूच विचारलं, “भाऊ, पांढऱ्या माशीवर काय मारू?” मी सांगितलं. चालता चालता सांगितलं आणि वर “पंधरा लिटर पाण्याला किती” हेही सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन मी आंघोळीच्या पाण्यासकट बादली मोरीत आपटली.

रविवारी मात्र पान नाही, डबा नाही, खात्री नाही. जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, आमच्या तिघांपैकी एकाच्या घरचं, म्हणून आम्ही त्याला शेठ म्हणायचो. गावात कापूसच येईना, त्यामुळे दोन हंगाम यंत्रं बंद होती. ज्या अंगणात कापसाच्या गंजी लागायच्या तिथे नुसती काळी माती. त्या मातीवर आम्ही फावड्याने वळणं काढली, सरकीची जुनी पोती पुरून उड्यांसाठी उंचवटे केले. शेठ म्हणायचा, “जिनिंगमधी दुसरं काही चालून नाही राह्यलं, गाड्या तरी चालू द्या.” तो हसत म्हणायचा, पण यंत्रघराकडे बघून म्हणायचा.

तिसरा आमचा शाळेतला मित्र, आता जवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. त्याच्या हातांची गावात ख्याती होती. टेप, रेडिओ, विहारातला भोंगा, शाळेतला टीव्ही, काहीही बिघडलं की त्याच्याकडे. शेठची आणि माझी गाडी शेठने नागपूरच्या दुकानातून आणलेली. मास्तरची गाडी त्याच दुकानात मोडकी म्हणून टाकून दिलेली होती. त्याने वर्षभर खपून ती उभी केली. एकेक तार स्वतः जोडली, सोल्डरचा एकेक टाका स्वतः मारला. आणि आमच्या दोघांपेक्षा तीच जास्त पळायची. वळणावर मागची चाकं घसरवून तो ती अशी सरळ करायचा की मी चिडून शिवी द्यायचो.

आमचे नियम दोनच होते. चालवणाऱ्याने वजनकाट्याच्या ओट्यावर उभं राहायचं, खाली उतरायचं नाही. गाडी उलटली तर मातीत उभा असलेला तिसरा धावत जाऊन ती सरळ करणार, तोंड पुढे करून ठेवणार आणि बाजूला होणार. त्या तिसऱ्याला आम्ही हमाल म्हणायचो. जिनिंगमध्ये दुसरं काय म्हणणार?

दुसरा नियम फक्त मास्तरचा आणि माझा. प्रत्येक रिमोटमध्ये एक छोटा क्रिस्टल असायचा, त्यावर रिमोटचा नंबर ठरायचा. आमच्या दोघांचा नंबर एकच निघाला. दुसरा क्रिस्टल “आज देतो, उद्या देतो” करत दुकानदाराने सहा महिने काढले. एकाच नंबरचे दोन रिमोट चालू असले की गाडीला दोन मालक होतात आणि ती कुणाचंच ऐकत नाही. म्हणून कपडे वाळत घालायचा एक लाल चिमटा होता. ज्याच्या कॉलरला चिमटा, त्यानेच रिमोट चालू करायचा. आपला रिमोट आधी बंद, मग चिमटा दुसऱ्याच्या हातात. त्यामुळे मास्तर आणि मी कधीच एकमेकांविरुद्ध धावलो नाही. तो शेठशी धावायचा तेव्हा मी त्याचा हमाल, मी धावायचो तेव्हा तो माझा.

त्या दिवाळीनंतर नागपूरला शर्यत होती, आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी. शनिवार-रविवार दोन दिवस. मास्तरने नाव दिलं होतं. रजा टाकली होती, शाळेतल्या पोरांना फळ्यावर गाडीचं चित्र काढून दाखवलं होतं. शर्यतीच्या आधीच्या रविवारी तो एवढा खुशीत होता की आल्या आल्या म्हणाला, “पह्यला नंबर नाही पाहिजे मले. फक्त शेवटचा नको.”

माझी फेरी झाली. गाडी उचलत होतो तोच फाटकावर मोटारसायकल थांबली. पांढरा सदरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत काय असणार ते मला पन्नास पावलांवरून कळलं. “भाऊ, दुकान बंद हाये म्हणून इकडं आलो,” तो तिथूनच ओरडला. माझं डोकं असं फिरलं! आठवड्यातले दोन तास, तेही यांना द्यायचे? मी रिमोट पिशवीत कोंबला, पिशवी खांद्याला मारली, कॉलरचा चिमटा काढून मास्तरच्या हातात दिला आणि तावातावाने फाटकाकडे निघालो.

“परवा तुमच्याकडून नेलं ते मारलं,” माणूस म्हणाला. “पानं तशीच हायेत. अजून एक डाव मारू काय?”

“मारा,” मी म्हणालो. “खात्रीनं फरक पडेल.”

माझ्या पाठीमागे शेठ ओरडला. मी वळलो. मास्तरची गाडी वळणावर न वळता सरळ सुटली होती, पूर्ण वेगात. तो ओट्यावर रिमोट दाबत होता, हलवत होता. अंगणाच्या कडेला आग विझवण्यासाठी बांधलेला पाण्याचा हौद होता, पावसाच्या हिरव्या पाण्याने काठोकाठ भरलेला. गाडी त्याच्या कठड्याच्या फुटक्या भागातून आत गेली. आवाज फार मोठा नव्हता.

शेठने लोखंडी आकड्याने चाचपून गाडी वर काढली तोवर बराच वेळ गेला होता. मी हमाल असून फाटकाशीच उभा होतो. पिशवीत हात घातला तेव्हा बोटाला रिमोटचं बटण लागलं. चालू होता. लाल दिवा जळत होता. मी तो पिशवीतच, कुणाकडे न बघता बंद केला.

मास्तरने गाडी उलटी धरून पाणी निथळलं, आतली सर्किटची पाटी काढली, वास घेतला. जळली होती. त्याने अंगठ्याने एकेक टाका चाचपून पाहिला. मग म्हणाला, “माह्याच टाक्यात खोट असल. घाई केली म्या.”

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तेव्हा ती चूक होती, धांदलीत कुणाच्याही हातून होईल अशी. तासाभराने सांगितलं असतं तर तासभर लपवलं असं झालं असतं. सोमवारी सांगायचं तर रविवारची रात्र कुठे घालवली ते सांगावं लागलं असतं. प्रत्येक दिवस दार थोडं थोडं लावत गेला आणि मी आत बसून ते बघत राहिलो. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त भीती. तिघांपैकी एक गेला की रविवारच राहणार नव्हता.

मास्तरने नागपूरला नकार कळवला. शेठ मला म्हणाला, “मंग तू जा. त्याच्या नावावर तुह्यं नाव टाकू.” दोन वर्षांनी गावाबाहेर दोन दिवस! कुणी पान दाखवणार नाही असे दोन दिवस! मी दुकानाचं कारण सांगितलं. शेठ म्हणाला, “दुकान जाते काय पळून?” मी गेलो नाही.

मास्तर पुढच्या रविवारी आला. रिकाम्या हाताने. म्हणाला, “मी हमाल. तुमी दोघं पळवा.” आणि तो खरंच मातीत उभा राहिला. माझी गाडी त्या दिवसांत सारखी उलटायची, हातच वळत नव्हते. दर वेळी तो धावत यायचा, गाडी सरळ करायचा, चाकातली काडी काढायचा, तोंड पुढे करून ठेवायचा आणि मला हात करायचा, चल. मला वाटायचं, याने एकदा तरी शिवी द्यावी.

त्याच आठवड्यात मी आणि मास्तर चहाच्या टपरीवर होतो, तेव्हा एक म्हातारी त्याच्याकडे रेडिओ घेऊन आली. त्याने तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत दिला. “यवतमाळले दाखवा माय,” तो म्हणाला. “माह्या हाताचा भरवसा नाही आता.” म्हातारीला वाटलं तो गंमत करतोय. ती हसली. मी चहाचा कप तिथेच ठेवून दुकानात आलो आणि उरलेला दिवस प्रत्येक गिऱ्हाइकावर खेकसलो. एकाला तर म्हणालो, “खात्री पाहिजे तर देवळात जा.” तो जाऊन दुसऱ्या दिवशी परत आला.

तिसऱ्या रविवारी माझी गाडी ओट्यासमोरच्या उंचवट्यावर उलटली. मास्तर आला, वाकला, गाडी उचलली. आमच्यात सात-आठ पावलांचं अंतर होतं. मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

“त्या दिवशी माझा रिमोट चालू होता. पिशवीत. बंद न करताच तुला चिमटा दिला मी.”

शेठची गाडी अंगणाच्या टोकाला जाऊन थांबली. शेठ माझ्याकडे बघत होता. मास्तर गाडी हातात घेऊन तसाच उभा राहिला. चाकं फिरत होती, माझं बोट बटणावरच होतं.

“कवा समजलं तुले?” त्याने विचारलं.

“तेव्हाच.”

त्याने मान हलवली. मग वाकून गाडी मातीत ठेवली, होती तशीच, पाठीवर, आणि फाटकाकडे चालू लागला. मी ओट्यावरून उडी मारली आणि त्याच्या मागे धावलो. फाटकाबाहेर त्याच्या स्कूटरपाशी त्याला गाठलं. मी काय काय बोललो ते आठवत नाही. नवी गाडी आणतो म्हणालो, माझी घे म्हणालो, त्या पांढऱ्या सदरेवाल्याला दोष दिला, दुकानाला दिला.

“गाडीचं राहू दे,” मास्तर म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. “गाडी पाण्यात गेली, जाऊ दे. तीन आठवडे झाले, मी माह्या हातातली खोट पाहून राह्यलो. रोज संध्याकाळी तोच टाका मारतो अन् तोडतो. शाळेत खडू धरतानी हाताकडं पाहतो. तुले दिसत नव्हतं काय बे?”

दिसत नव्हतं, असं म्हणणं सोपं होतं. मला ते रोजच्या सवयीने जमलंही असतं, खात्रीने.

“दिसत होतं,” मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. दुसरं काही उत्तर येईल म्हणून थांबला असावा. मग त्याने स्कूटरला किक मारली. ती तिसऱ्या किकला लागली, आणि तेवढा वेळ आम्ही दोघं तिथे शेजारी शेजारी उभे होतो.