पाटाकाठचे सासरे

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यातला जितका वेळ पोटावर पडून काढला, तितका एखाद्या मगरीनेही काढला नसेल. मगर निदान ऊन खायला पडते. सासरे पडत ते वाहत्या पाण्याच्या कडेला. मोरीचं पाणी अंगणातून चाललेलं असो की रस्त्यात नळ फुटलेला असो, पाणी वाहताना दिसलं की हातातली पिशवी खाली आणि सासरे आडवे. एकदा सीताबर्डीवर भर बाजारात ते असे आडवे झाले, तेव्हा मिरगीचा झटका समजून कोणीतरी त्यांच्या नाकाशी कांदा धरला आणि दुसऱ्याने पायातली चप्पल काढली. सासरे मान न वळवता म्हणाले, "चप्पल राहू द्या गा, पहिले सावली हटवा."

ते एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. काम बेडकांचे ट्रे धुण्याचं, पण जीव अडकला होता मातीतल्या एका किड्यात. तिळाच्याही निम्मा, सहा पायांचा, पोटाखाली काडी दुमडून बसणारा. काडी सुटली की टुणकन उडी. मराठीत त्याला नाव नव्हतं, म्हणून सासऱ्यांनीच ठेवलं : टुणका. या टुणक्याचं अंग भिजत नाही, तो बुडत नाही, पाण्यावर आरामात बसतो, आणि म्हणून तो या शेतातून त्या शेतात पायांनी जात नसून पाण्याबरोबर जातो, असं त्यांचं ठाम मत. कॉलेजातले साहेब हसायचे. "हसू द्या," सासरे म्हणत, "त्यायले पँट खराब करायची नाही ना!" हे मत सिद्ध करण्यासाठी सासूबाईंच्या तीन चहागाळण्या आणि दोन कढया कामी आल्या होत्या. जीवजंतू मरावेत म्हणून ते कढईत माती भाजत, तीही खमंग होईपर्यंत.

मी मुलगी पाहायला गेलो तो दिवस नेमका त्यांच्या मोठ्या प्रयोगाचा निघाला. त्यांचं घर हुडकेश्वरला, आणि तेव्हा तिथे सगळी शेतंच होती. मी, आई आणि काका असे आम्ही तिघं पोचलो तर बैठकीत कोणीच नाही. सासूबाई पदर सावरत बाहेर आल्या आणि रडवेल्या होऊन म्हणाल्या, "शेतात आहेत जी. शेजाऱ्याची मोटर आता सुरू होणार आहे."

शेतात नवा कोरडा पाट खणलेला. त्याच्या खालच्या टोकाला भाजलेल्या मातीची परात पुरलेली. तसलीच दुसरी परात वर बांधावर ठेवून मलमलीने झाकलेली. तिच्यात काही निघालं नाही आणि खालच्या परातीत निघालं, तर टुणके मातीत उरलेले नसून पाण्यानेच आले हे नक्की. मध्ये सासरे पालथे पडलेले. वरच्या टोकाला, विहिरीजवळ, साडी खोचून, टुणक्यांनी भरलेल्या खतातल्या ओल्या मातीचं घमेलं घेतलेली एक मुलगी उभी होती. तिने हाक मारली, "बाबा, सोडू काय?"

"थांब वं माय! पाहुणे आले वाटते." सासऱ्यांनी पडल्यापडल्याच माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही ओव्हरसियर ना? पाटबंधाऱ्यात?"

"हो."

"मग उभे काहून? पाटाचा उतार पाहून घ्या!"

पगार विचारला नाही, पत्रिका नाही, गोत्र नाही. मी पँट दुमडून पाटात उतरलो. एका ठिकाणी उतार खरंच उलटा होता. पाणी तिथे तुंबून सगळा प्रयोग फसला असता. मी फावडं मागितलं. मुलगी ते घेऊन धावत आली, आणि मला पाटात गुडघाभर मातीत पाहून इतकी हसली, इतकी हसली की तिच्या हातातून फावडं माझ्या पायावर पडलं. आमची ओळख ही अशी झाली.

मी उतार नीट करून घेतला. काका मात्र तापले. "मुलगी पाहायला आलो का नाली पाहायला? चाल गा, उठ!"

तेवढ्यात मोटर धडधडली, मुलगी विहिरीकडे पळाली आणि तिने घमेलं पाटात उपडं केलं. पाटातून पाणी, त्याच्यापुढे फेस, फेसावर काड्या-कचरा, आणि काठाने रांगत सासरे. पाणी परातीत शिरलं. सासऱ्यांनी भिंग लावलं आणि श्वास रोखला. मीही रोखला. का, ते आजही सांगता येणार नाही, पण त्या क्षणी परातीत एक टुणका यावा म्हणून मी मनातल्या मनात टेकडीच्या गणपतीला नारळ बोललो. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. पाण्याच्या पापुद्र्यावर सात-आठ राखाडी ठिपके बसले होते, अगदी कोरडे, आगगाडीतून उतरलेल्या वऱ्हाडासारखे जरा बावरलेले.

"आले!" मी ओरडलो.

"आले!" विहिरीवरून ती ओरडली.

काय आलं म्हणून काका वाकले, आणि एक टुणका थेट त्यांच्या मिशीत गेला. पुढची दहा मिनिटं सासरे काकांना हलू देईनात. "हलू नका जी, नमुना आहे!" तोवर सासूबाईंनी बांधावरची परात उघडून पाहिली. त्यात काहीच नव्हतं. आई सासूबाईंना म्हणाली, "मातीत उभी राहून हसते तुमची पोरगी. मले पसंत आहे."

लग्न झालं. सासऱ्यांनी प्रयोग इंग्रजीत लिहून काढला, मी टाइप करून आणला आणि परगावच्या एका विद्वानाला पाठवला. उत्तर दोन ओळींचं आलं : पदवी नसलेल्या माणसाचं निरीक्षण विचारात घेता येत नाही. सासऱ्यांनी पत्राची घडी घातली आणि शेतात गेले. त्या दिवशी पाटाला पाणी नव्हतं. तरी ते आडवे झाले.

पुढे साखरेच्या आजारात त्यांची नजर गेली. रविवारी मी त्यांना हात धरून पाटावर नेई. ते खाटेवर बसत. पालथा मी पडे. पाहायचं, आणि त्यांना सांगायचं. एका रविवारी बराच वेळ झाला तरी पाण्यावर काहीच दिसेना. त्यांचा चेहरा मात्र माझ्याकडे लागलेला.

"दोन आले, बाबा," मी म्हणालो. "एकाने उडी मारली."

"कोण्या दिशेले?"

"पूर्वेला."

सासरे खूप वेळ हसले. "जावईबापू, इतक्या लवकर त्याची दिशा कोणालेच दिसत नाही. तुम्ही खोटं बोलून राहिले." मग पाय पोटाशी घेऊन ते खाटेवर कुशीवर आडवे झाले. "पण बरं वाटते ऐकायले. बोला अजून."

मोटर बंद होईपर्यंत मी बोलत राहिलो.