सकाळी सातची क्लिक

मळणीनंतर उरलेल्या सोयाबीनच्या कुटाराचा वास आला की मला ती सकाळ आठवते. तेव्हा मी वाशिमला भाड्याच्या खोलीत एकटा राहायचो आणि मिक्सर, टॉर्च, फवारणीचे पंप यांच्या लिंका ओळखीच्या सगळ्यांना पाठवायचो. माझ्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की मला कमिशन मिळणार होतं. घेत कोणीच नव्हतं. दिवसाला एकच क्लिक दिसायची, सकाळी सातच्या सुमारास. दिवसभर बोलायला दुसरं कोणी नसल्यामुळे मला त्या अनोळखी गिऱ्हाइकाचा लळाच लागला. त्याला काय आवडेल याचा विचार करून मी लिंक निवडायला लागलो. सुगीत गावाकडे, किन्हीराजाला घरी गेलो, तर सकाळी माय गोठ्यामागच्या कुटाराच्या ढिगावर चढलेली. रेंज तिथंच यायची. मोबाइल डोळ्यांजवळ धरून तिनं निळ्या अक्षरांवर अंगठा दाबला. "माय, काय करून राह्यली?" "तू पाठवतं ते दाबून राह्यली. कोणी दाबलंच नाही तं तुले पैसे कसे भेटतीन?" मी हसलो आणि मोठ्या शहाणपणानं सांगितलं, की नुसतं दाबून काही मिळत नाही, विकत घ्यावं लागतं. "असं व्हय," म्हणत ती लुगड्याचं कुटार झटकत खाली उतरली. वाशिमला परतल्यावर पहिल्याच सकाळी आकडा शून्य होता. आता रोज शेकडो लोक माझ्या लिंका उघडतात, आणि मी जेवलो की नाही याच्याशी त्यातल्या एकालाही देणंघेणं नाही.