चौकटी आखलेली पुस्तकं

दमट हवेत एकमेकांना चिकटलेली दोन गुळगुळीत पानं अलगद सोडवताना एक बारीक आवाज येतो. केळीचं पान उभं टरकावं, त्याहून कितीतरी हलका! घाई केली, तर एका पानावरचं आभाळ दुसऱ्या पानावरच्या बाईच्या कपाळाला चिकटून येतं आणि मग ते आभाळ कोणाचं नि कपाळ कोणाचं, हे कोणालाच सांगता येत नाही. कोल्हापूरचा लांबलेला पावसाळा अशा पुस्तकांचा उभा वैरी. तो आवाज कानी पडला की माझं मन पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका लांबट, काळवंडलेल्या छपराखाली जातं आणि तिथं गेलं की गोंधळतं. इतकी वर्षं झाली, पण त्या गोंधळातून मला अजून नीटशी वाट सापडलेली नाही. तुम्हांला सापडली तर सांगा.

ते छप्पर एका गुऱ्हाळाचं होतं. भूपालअण्णांच्या वडिलांनी ते बांधलेलं. अण्णा जैन शेतकरी घराण्यातले, उसाच्या मळ्यांचे धनी. सगळा ऊस कारखान्याला जाऊ लागला, चुलवाण थंड पडलं, कढया उलथ्या झाल्या, आणि अण्णांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी ती शेड चित्रकारांना राहायला दिली! लांबलांबचे चित्रकार, शिल्पकार दोन-तीन महिन्यांसाठी येत, काम करत, मळ्यातली भाजीभाकरी खात आणि निघून जात. दारावर 'कलानिवास' अशी पाटी होती. पण गावानं त्याला गुऱ्हाळच म्हटलं, आणि तिथल्या न संपणाऱ्या चर्चा ऐकल्यावर गावाचं काही चुकलं असं मलाही वाटलं नाही.

मी तेव्हा राजारामपुरीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. एका रविवारी अण्णा म्हणाले, "बाई, माणसं लांबनं येत्यात, पर चार चित्रं बघावी म्हटलं तर हितं एक पुस्तक न्हाई. तुमी जरा मनावर घ्या की." मी घेतलं. कोणाच्या मालकीचं नसलेलं, सगळ्यांचं सामाईक असं कलाग्रंथालय! कल्पना किती रम्य होती! ठरलं असं, की निरोप घेताना प्रत्येकानं आपल्याजवळचं एक पुस्तक तिथं ठेवून जायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला तऱ्हाही फार असतात. बहुतेकांनी आपल्याच प्रदर्शनांची पुस्तिका ठेवली. पहिल्या वर्षी आमच्या ग्रंथालयात जगाची कला नव्हतीच. होते ते केवळ येऊन गेलेले पाहुणे, स्वतःच्या फोटोसकट.

तरी पुस्तकं वाढली, आणि त्यांच्याबरोबर माझा संभ्रमही वाढला. ती लावायची कशी? देशांप्रमाणे, काळाप्रमाणे, की चित्रकारांच्या नावांप्रमाणे? अण्णांचं मत पडलं, उंचीप्रमाणे, विटा रचतात तशी. एका शिल्पकारानं मी नसताना ती सगळी पाठीच्या रंगाप्रमाणे लावून टाकली आणि तांबड्या पुस्तकांशेजारी उभं राहून स्वतःच खूश झाला. त्यातच मुंग्या आल्या. त्या भिंतींनी कित्येक हंगामांची काकवी प्यायलेली. तिचा माग काढत मुंग्यांच्या रांगा थेट पुस्तकांच्या बांधणीतल्या खळीपर्यंत पोचल्या. कडुनिंबाचा पाला ठेवला, कापूर ठेवला, कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केले. जिथं वर्षानुवर्षं गोडवा शिजला, तिथं ज्ञान ठेवायला गेलं की मुंग्या कोणाच्या वाट्याला येतात? मला ठाऊक नाही. मी आपली पाला बदलत राहिले.

या साऱ्या खटाटोपामागे माझा एक खासगी हेतू होता, तो तुम्हांला सांगितलाच पाहिजे. माझे वडील, आप्पा, सिनेमाचे बॅनर रंगवत. एका टॉकीजच्या मागच्या आवारात बांबूंची परांची बांधून, दोन मजली कापडावर ते नायकाची भुवई काढत, आणि ती भुवई माझ्या उंचीहून लांब असे. रद्दीच्या दुकानांतून त्यांनी जन्मभर परदेशी चित्रांची जाडजूड पुस्तकं गोळा केली होती. त्यांतल्या एखाद्या आईच्या गालावरचा उजेड ते उचलत आणि आमच्या नायिकेच्या गालावर आणून ठेवत. कोल्हापुरातल्या किती लोकांनी तो परक्या देशातला उजेड मान वर करून पाहिला असेल, आणि तो कुठून आला हे त्यांतल्या एकालाही कळलं नसेल! त्या पुस्तकांतल्या जवळजवळ प्रत्येक चित्रावर पेन्सिलीच्या बारीक, नेटक्या चौकटी आखलेल्या होत्या. लहान चित्र मोठं करायचं तर त्यावर चौकटी आखायच्या, कापडावर तेवढ्याच पण मोठ्या चौकटी गेरूच्या दोरीनं मारायच्या, आणि मग एकेक चौकट इकडून तिकडे न्यायची. आप्पांनी असं आयुष्य चौकटी-चौकटीनं वाहून नेलं.

मग शहरात डिजिटल फलक आले. चौकाचौकांत माणसांचे चेहरे छापून लटकू लागले आणि आप्पांची परांची उतरली. जन्मभर लोकांनी त्यांना 'पेंटर' म्हटलं, चित्रकार कोणीच म्हटलं नाही. त्याचं त्यांना काही वाटलं की नाही, ठाऊक नाही. मला मात्र वाटलं, आणि अजून वाटतं. मला एकच हवं होतं: त्यांची पुस्तकं त्या सामाईक फळीवर यावीत, नव्या चित्रकारांनी ती उघडावीत, त्या रेघा पाहाव्यात आणि हा हात कोणाचा म्हणून विचारावं. एका हाताला त्याची जागा मिळावी, एवढीच माझी हाव होती.

मी भीतभीत विषय काढला, तर आप्पा म्हणाले, "ने की. ती काय आता मला भाकरी घालत्यात व्हय?" आवाज नेहमीसारखाच चढा. पण पुढचे काही दिवस ते एकेक पुस्तक मांडीवर घेऊन जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसत बसले, आणि पुसून झालेलं पुन्हा पुसायला घेत. ते आनंदात होते की दुःखात? मुलगी असून मला ते ओळखता आलं नाही. रिक्षात गठ्ठे चढवले, तेव्हा ते दाराशीसुद्धा आले नाहीत, आतून फक्त ओरडले, "मुंग्या हायत म्हणं तितं, बघ बाई!"

ग्रंथालयाचं रीतसर उद्घाटन आप्पांच्या हस्ते करायचं, असं अण्णांनी आपणहून ठरवलं. मी सुखावले. मधल्या आठवड्यात शाळेच्या परीक्षा होत्या, म्हणून गुऱ्हाळावर जाणं झालं नाही. आदल्या संध्याकाळी गेले, तर सुजाता धावतच सामोरी आली. ही नागपूरकडची चित्रकार, आप्पांची पुस्तकं पाहून सगळ्यांत जास्त हरखलेली. माझा हात धरून तिनं मला फळीपाशी नेलं आणि एक पुस्तक उघडलं. चित्र लख्ख होतं. दुसरं उघडलं, तेही लख्ख. एकही रेघ नव्हती! "ताई, आम्ही सगळ्यांनी आठवडाभर बसून खोडल्या," ती म्हणाली. "मऊ रबरानं, आणि जिथं कागद नाजूक तिथं पावाच्या गरानं. आप्पांना सरप्राईज! चित्रं पिंजऱ्यातून सोडवली बघा!" तिच्या बोटांची टोकं घासून लाल झाली होती. पावाच्या चुऱ्यावर मुंग्या लागल्या होत्या.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! पण या मारुतीला मी काय म्हणणार होते? संताप आला, खरंच आला, आणि तो त्या लाल बोटांपाशी येऊन अडला. शिवाय एक दुष्ट शंका डोकं वर काढू लागली. त्या परक्या चित्रकारानं आपल्या चित्रावर रेघा मागितल्या होत्या का? पुस्तक जपणारा खरा, की वापरून झिजवणारा खरा? सामाईक म्हणजे सगळ्यांच्या खुणा असलेलं, की कोणाचीच खूण नसलेलं? मी शाळेत मुलांना पुस्तकावर रेघ मारली म्हणून रागावणारी बाई. आता त्याच रेघांसाठी डोळ्यांत पाणी आणून उभी होते. ठरवलं एवढंच, की उद्या आप्पांना वाईट वाटलं, तर सगळ्यांसमोर त्यांच्या बाजूनं बोलायचं. काय बोलायचं, तेही मनात जुळवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा इस्त्रीचा सदरा घालून आले. अण्णांनी नारळ दिला, शाल दिली, टाळ्या झाल्या. आप्पांनी फळीवरून आपलं सर्वांत जाड पुस्तक ओढलं आणि नेमकं त्या परदेशी आईचं पान काढलं. चष्मा कपाळावर सारून त्यांनी चेहरा पानाला जवळजवळ टेकवला. उजव्या हाताचं बोट चित्रावरून सरळ आडवं गेलं, मग उभं, मग थांबलं.

"आखलेलं कुटं गेलं?"

सुजाता पुढं झाली आणि तिनं सगळं सांगितलं, उत्साहानं, पावाच्या गरासकट. आप्पा ऐकत होते. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पेन्सिल काढली, ती त्यांच्या खिशात असायचीच, आणि फूटपट्टी मागितली. कोणीतरी लगबगीनं दिली. ते टेबलाशी बसले, पट्टी त्या आईच्या चेहऱ्यावर ठेवली आणि पेन्सिलीचं टोक कडेला टेकवलं. सगळे भोवती गोळा झाले. आता पाहा म्हणावं, आता कळेल तुम्हांला हा हात कोणाचा आहे ते!

पेन्सिल हलली नाही. आप्पांनी मान वर केली.

"किती फुटी करायचं हाय?"

कोणालाच प्रश्न कळला नाही. मला कळला. भिंत केवढी, कापड केवढं, ते ठरल्याशिवाय चौकट केवढी ते ठरत नाही. पोहोचायचं कुठं हे ठाऊक नसताना पहिली रेघ मारता येत नाही. मी उत्तर शोधू लागले. वीस फुटी म्हणू? कुठली भिंत दाखवू?

"इथे कोणी एवढं मोठं करत नाही, आप्पा," सुजाता हळूच म्हणाली. "सगळे हातभरच काढतात."

आप्पांनी शेडभर नजर फिरवली. भिंतींना टेकून ठेवलेली छोटी छोटी चित्रं त्यांनी एकेक करून पाहिली. घाई केली नाही. मग पेन्सिल खिशात घातली.

"आसं व्हय. मग बरोबर खोडल्यासा की. मोटं करायचं आसलं तर आखायचं. उगंच बाईच्या तोंडावर रेघा कशाला?"

आणि त्यांनी चहा मागितला. लोक हसले, सैलावले. कोणीतरी पेढे फिरवले. मी जुळवून ठेवलेलं भाषण तसंच राहिलं. ज्याच्या वतीनं भांडायचं, त्यानंच दावा मागं घेतला, तर वकिलानं जावं कुठं? त्यांनी त्या मुलीचं मन राखलं? की खरोखरच त्यांना ते पटलं? की हातभर चित्रांनी भरलेल्या त्या शेडमध्ये आपल्या कामाला आता भिंतच उरली नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि त्यांनी ते चहाबरोबर गिळून टाकलं? मला आप्पांचाच राग आला. इतका, की मला रडू आलं आणि ते मी मुंग्या झटकण्याच्या निमित्तानं कपाटाआड आवरलं.

परतताना ते माझ्या स्कूटरवर मागं बसले होते. दोन्ही बाजूंना ऊस होता, वारा होता. शेवटी न राहवून मी विचारलं, "आप्पा, खरंच वाईट नाही वाटलं तुम्हांला?"

"वाटलं की," ते म्हणाले. मग वाऱ्यावर मात करत मोठ्यानं म्हणाले, "पर त्या पोरीनं काय खोडलंय, बघितलंस का? कागद कुटं फुगला न्हाई, रंग कुटं फिका झाला न्हाई. एवढ्या रेघा, पर मागमूस न्हाई ऱ्हायला. आसं काम केलेल्याला काय बोलायचं गं?"

पुढं त्यांचा आवाज चिरकला. हसू होतं की दुसरं काही, ते मला कळलं नाही. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता आणि मला मागं वळून पाहता आलं नाही.