मलिद्याचा डबा

नवरात्र जवळ आलं की आमच्या शाळेच्या ग्रुपवर भोंडल्याच्या आठवणी सुरू होतात. पाटावरचा हत्ती, फेर, आणि शेवटी झाकलेला डबा हलवून खिरापत ओळखणं. काय दिवस होते, असं सगळ्या लिहितात. मी अंगठ्याचं चित्र टाकते आणि कामाला लागते.

कामशेतच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान. आता ते मी चालवते; तेव्हा अम्मी बसायची. गल्लीतलं सगळ्यात मोठं अंगण शेजारच्या काकूंचं, म्हणून भोंडला त्यांच्याकडे. खिरापत मात्र रोज वेगळ्या घरची. आमची पाळी कधी यायची नाही. सहावीत असताना मी ती मागून घेतली.

अम्मीनं मलिदा केला. गरम पोळ्या कुस्करून त्यात गूळ, तूप, वेलची. हा कुणाला ओळखता यायचा नाही, म्हणाली. आलाच नाही. डबा हलवला तर आवाज नाही. मुली शिरा म्हणाल्या, सांजा म्हणाल्या, हरल्या. काकू म्हणाल्या, आण, आतून वाढून आणते. आतून आले ते शेंगदाणे आणि गूळ. डबा मला घासून परत मिळाला. मला वाटलं, मलिदा मोठ्यांनीच संपवला. हातपाय धुवायला परसात गेले, तर कोंबड्या तो टिपत होत्या.

घरी येऊन सांगितलं. अम्मीनं डबा घेऊन फळीवर ठेवला. दिवाळीआधी काकू दुकानात आल्या, हात पुढे केला. अम्मीनं नेहमीसारख्या बांगड्या भरल्या आणि काकूंनी रीतीप्रमाणे तिला नमस्कार केला. मी कोपऱ्यातून जळत बघत होते. "गिऱ्हाईक आहे," अम्मी नंतर एवढंच म्हणाली. पण त्या वर्षानंतर आमच्या घरात मलिदा झाला नाही.

काकू आता तळेगावला मुलीकडे असतात. मुलगी माझ्याच वर्गातली. यंदा तिच्या लेकीचं लग्न होतं आणि चुडा भरायला मला बोलावलं. मापं मी फोनवरच विचारून घेतली, पेट्या क्रमानं लावल्या: आधी नवरी, मग करवल्या, मग आत्या-मावश्या. शेवटी काकू.

सोसायटीचा हॉल बायकांनी भरला होता. मी काकूंचा हात हातात घेतला, तळवा दाबून पहिली बांगडी चढवली. तेवढ्यात त्यांच्या मुलीनं सगळ्यांना आमच्या भोंडल्याचं सांगायला घेतलं. काकू खुलल्या.

"आमच्या अंगणात भेदभाव नव्हता हो. हिच्या आईचा मलिदा मी आवडीनं खाल्लाय. अजून चव आहे जिभेवर."

दुसरी बांगडी त्यांच्या बोटांच्या सांध्यांवर होती. अशा वेळी हात ओढला तर बांगडी फुटते, आणि लग्नघरात ते कुणालाच चालत नाही. काकूंना हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी तिथेच थांबले.

"काकू, तो तुम्ही कोंबड्यांना घातला होता. मी परसात उभी होते."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. मुलगी म्हणाली, काहीतरीच काय गं, आणि तिनं आईकडे बघितलं.

"आत्ता कशाला काढतेस?" काकू खालच्या आवाजात म्हणाल्या.

"तुम्हीच काढलंत."

मग उरलेल्या बांगड्या भरल्या, एकेक, सावकाश. घाई केली असती तर त्यांचा हात लवकर सुटला असता.

जेवायला थांब, असं कुणी म्हणालं नाही. मीही थांबणार नव्हते.

अम्मीला आता खाली बसवत नाही, पण दुकानाचं सगळं विचारते. मी घडलं ते सांगितलं. रागावेल असं वाटलं होतं. तिनं आधी बांगडी फुटली का, ते विचारलं. एकही नाही, म्हटलं.

"सगळ्यांसमोर बोललीस?"

"सगळ्यांसमोर."

"तिची मुलगी होती?"

"होती. नातही होती."

अम्मीनं चष्मा काढून ठेवला. बऱ्याच महिन्यांनी स्वतः उठून तिनं मला गरम भात वाढला, आणि मी नको म्हणत असताना त्यावर आणखी तूप सोडलं.