फौज नायतर पोलीस

उंब्रजहून रोज कराडला जाऊन मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. कुणी चुकीचा हिशोब केला की मला गप्प बसवत नाही. हा माझा जुना रोग.

धाकटी बहीण भरतीची तयारी करत होती. "फौज नायतर पोलीस," असं आण्णांचं, म्हणजे आमच्या माजी सैनिक वडिलांचं, ठरलेलं होतं. एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी बोटं मोजली. "फौजेत शंभरात तीस चान्स, पोलिसात तीस. साठ झालं की! लय झालं."

"आण्णा, जी पोरगी दोन्हीकडं पास होऊन निघेल तिला तुम्ही दोनदा मोजलंत," मी म्हणाले. "दोन्हीकडं धावायचंच आहे आणि पाय तेच. शंभरातल्या पंचवीसजणी तरी दोन्हीकडं निघतील. साठातून त्या वजा करा, राहिले पस्तीस."

"मास्तरीणबाईंनी माझे पंचवीस खाल्ले बघा," बहीण हसत म्हणाली आणि धावायला गेली.

पुढं फौजेच्या भरतीत ती धावण्यातच बाद झाली. घरी आली, अंघोळ केली आणि सरळ भाकरी थापायला बसली. आण्णा मला म्हणाले, "जाऊ दे. पोलिसाचं तीस हाईत अजून."

तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण 'नायतर' या शब्दातच अट आहे, पहिलं झालं नाही हे कळल्यावरचं दुसरं, हे वर्गात सांगायला मला फार आवडतं. मी म्हणाले, "तीस नाहीत आता. फौजेत न निघालेल्या सत्तरजणी उरल्या. पोलिसात निघणाऱ्या तीसजणींतल्या पंचवीस फौजेतच गेल्या, म्हणून या सत्तरांतल्या पोलिसात निघणाऱ्या फक्त पाच. शंभराला सात धरा."

हिशोब बरोबर होता, आजही बरोबर आहे. आत भाकरी थापायचा आवाज थांबला. मला तो थांबलेला कळला, तरी मी उठून आत गेले नाही.

त्यानंतर ती सकाळची धावायला जाईना. पोलिसाचा फॉर्म तिनं भरला असेल, असं मी धरून चालले होते. एका रविवारी माळा झाडताना मला तिचा उजव्या पायाचा बूट सापडला. एकच.

"दुसरा कुठाय गं?"

"मैदानावर. दुसऱ्याच फेरीत मागच्या पोरीचा पाय टाचेवर पडला आन् बूट निघाला. थांबून कसं चालंल? तशीच पळाले. आठ सेकंदांनी गेलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस कुठं? सात म्हणालीस. सातासाठी कोण पळतंय, ताई?"

मला माझीच लाज वाटली. 'बाद झाली' एवढी एकच अट घेऊन मी आकडा काढला होता. ती का बाद झाली, हे तिला विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

मी तिथंच बसून मोबाइलवर पोलिसाचा फॉर्म उघडला. मुदत आदल्या दिवशी संपली होती.