वीबेचे गुडघे

वीबे होक्स्ट्राचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. काम सातला. मधला वेळ गुडघ्यांचा. पलंगाच्या कडेला बसून तो ते चोळी, वाकवी, पुन्हा चोळी. मग काळी कॉफी, आणि पोटात दुसरं काही नसताना दुखण्यावरच्या गोळ्या. मी गाडी घेऊन दारात पोचे तेव्हा तो उभा असे, पण जिना उतरल्याचा घाम कपाळावर दिसे.

डॉकममध्ये आणि आसपासच्या गावांत आम्ही विटांचे रस्ते घालत असू. तो विटा बसवणारा, मी पुरवणारा. मजुरी चौरस मीटरवर, दोघांची मिळून. विटा बसवायच्या म्हणजे दिवसभर वाळूत गुडघ्यांवर, हातोडी मारत मागे मागे सरकायचं. चांगल्या माणसाची वीट एका ठोक्यात बसते. वीबेला दुसरा लागत नसे.

गोळ्यांना गुण होता, हे आधी सांगितलं पाहिजे. सूज उतरे, कळ कमी होई, सातला तो खाली बसू शके. दुपारी पुन्हा कळ, पुन्हा गोळ्या. वाणसामानाच्या दुकानात त्या शाम्पूशेजारी मांडलेल्या असतात. कोणी काही विचारत नाही. त्याची बायको सीत्स्के पाकिटं लपवायची. तो पेट्रोल पंपावरून नवी आणायचा.

"लपव," तो तिला म्हणे, "अख्खं दुकान मावतंय का बघ तुझ्या कपाटात."

एका वसंतात उजवा गुडघा भोपळ्यासारखा फुगला. तो एकटाच डॉक्टरकडे गेला. कुठली औषधं चालू आहेत, असं डॉक्टरांनी विचारलं. एकही नाही, वीबे म्हणाला. तो खोटं बोलला नव्हता. आमच्याकडे औषध म्हणजे डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतो ते. जॅमबरोबर पिशवीतून आलं ते औषध नव्हे. औषधांच्या दुकानातल्या बाईनंही तेच विचारलं, तेच उत्तर मिळालं. सुजेवरच्या जास्त जोरदार गोळ्या घेऊन तो आला. त्या सुरू झाल्या, जुन्याही बंद झाल्या नाहीत.

काही दिवसांनी त्यानं मला गाडीत हसत सांगितलं की शौचाला डांबरासारखं काळं होतंय. त्याच्या खिशात कायम खारट ज्येष्ठमधाच्या काळ्या वड्या असत. दिवसभर एक तरी तोंडात. इथली पोरंसुद्धा त्या फार खाल्ल्या की काळं होतं हे जाणतात. म्हणून त्यानं वड्या बंद केल्या. गोळ्या चालू ठेवल्या.

रंग तसाच राहिला. जुनं निघतंय, असं तो म्हणाला. चेहरा मेणासारखा झाला, जिन्यावर धाप लागू लागली. सीत्स्केनं डॉक्टरांचं नाव काढलं की तो अंगावर जाई. पोट तर दुखत नव्हतं. ते दुखणंही गोळ्याच दाबत होत्या, हे आम्हाला नंतर कळलं.

मग एका सकाळी त्याला एका विटेला तीन ठोके लागले. पुढच्या विटेलाही तीन.

"ऊठ, वीबे," मी म्हणालो.

"ही ओळ होऊ दे."

मी विटा देणं थांबवलं. तो रांगत ढिगापर्यंत गेला आणि स्वतः दोन विटा घेऊन आला. मी हातोडी मागितली, तर ती त्यानं मांडीखाली धरली. ओळीच्या शेवटी तो पुढे वाकला आणि ताज्या विटांवर ओकला. कॉफीच्या चोथ्यासारखं काळं.

इस्पितळात पोटात नळी घातली. आत जखम होती, तिच्यातून कितीतरी दिवस रक्त जात होतं; तेच पोटात काळं पडत होतं. चिमटे लावून ती बंद केली, बाहेरून रक्त दिलं. डॉक्टरबाईंनी औषधांचं विचारलं तेव्हा सीत्स्केनं पिशवीतली सगळी पाकिटं त्याच्या पायाशी ओतली.

"दोन्ही गोळ्या एकाच घरच्या आहेत," बाई म्हणाल्या. "एकीवर दुसरी घ्यायची नसते. पोट गेलंच होतं, मूत्रपिंडांनाही मार बसलाय."

"मग आता यातली कुठली घेऊ?"

"एकही नाही. यापुढे कधीच नाही."

त्यांनी दुसरी एक साधी गोळी सांगितली, तीही मोजून. तिनं दुखणं थोडं कमी होईल, सूज नाही.

"सूज उतरल्याशिवाय मला खाली बसता येत नाही, डॉक्टर."

"मग खाली बसू नका."

त्यांनी ते सौम्यपणे सांगितलं. वीबे भिंतीकडे तोंड करून झोपला. सीत्स्के माझ्याकडे बघत होती. पुढे कधी नवे गुडघे बसवता येतील, पण तसल्या गुडघ्यांवर रस्ते घालता येत नाहीत.

तो घरी आला तो धरून चालायची चाकांची आधारगाडी घेऊन. मागच्या दारापासून फाटकापर्यंत नुसती वाळू होती. लोकांच्या विटा बसवताना स्वतःच्या अंगणाला वेळ झाला नव्हता. गाडीची चाकं वाळूत रुतत. उन्हाळाभर तो दाराशी अडकून राहिला. शरदात अंगणात विटा घालायला दुसऱ्या गावची दोन माणसं बोलावली. वीबे खिडकीत बसून त्यांचे गुडघे बघत होता. संध्याकाळी त्यानं सीत्स्केला बँकेतल्या साठवलेल्या मजुरीतून त्यांचे पैसे द्यायला सांगितले.